डुकरे नव्हेत

अ‍ॅरिझोनातील टूसॉन शहरी आम्ही उभयता राहावयास आलो, त्याच वर्षी हावेलिनांचा कळप प्रथम पाहिला. 'अरे, ही तर रानडुकरे!' असे आम्ही म्हणालो आणि त्या शब्दासरशी गावाकडे ऐकलेले सारे मनात उभे राहिले: उद्ध्वस्त उसाचा फड, उकरलेला भुईमूग, मांडी फाटलेला गडी. प्राणी समोर होता, पण आम्ही पाहत होतो ते त्याला दिलेले नाव.

पुढे जानेवारीतील एका संध्याकाळी आम्ही कोरड्या ओढ्यातून परतत होतो. वाऱ्यावर उग्र दर्प आला. वळणापलीकडे नऊ हावेलिना फड्या निवडुंगाची पाने काट्यांसकट चावत होत्या. आमची चाहूल लागताच दोन मोठे प्राणी दात कटकटवीत थेट आमच्याकडे धावले. आम्ही धोंडा भिरकावला. कळप उधळला. तांबूस रंगाचे एक पिल्लू मागे राहून केविलवाणे ओरडत होते. आम्ही मात्र वाचल्याच्या आनंदात घरी आलो.

या प्राण्यांविषयी वाचू लागलो तेव्हा तो आनंद ओसरला. हावेलिना, म्हणजेच पेकरी, दिसावयास डुकरासारखी असली तरी तिचे कुळ निराळे. दोन्ही कुळांची फारकत होऊन तीन कोटींहून अधिक वर्षे झाली. डुकराचे सुळे बाहेर वळतात, हिचे सरळ असतात आणि एकमेकांवर घासून धार धरतात. दृष्टी अधू, भिस्त सारी नाकावर. पाठीवर, शेपटीच्या थोडे वर, एक गंधग्रंथी असते. तोंडे विरुद्ध दिशांना करून दोघी एकमेकींच्या ग्रंथीवर अंग घासतात. कळपाची ओळख ती हीच.

मग त्या संध्याकाळचा उलगडा झाला. त्यांचा दर्प आमच्याकडे येत होता, म्हणजे आमचा वास त्यांना मिळत नव्हता. बिचकलेली हावेलिना वाट फुटेल तिकडे पळते, आणि ओढ्याच्या तोंडाशी, त्यांच्या वाटेत, आम्हीच उभे होतो. ज्याला आम्ही हल्ला समजलो ती बहुधा पळापळ होती.

याच राज्यातील प्रेस्कॉट येथे 2017 साली एका आठ वर्षांच्या मुलाने घरामागे मेलेल्या हावेलिनेजवळ कॅमेरा लावला. कळप सुमारे दहा दिवस तेथे येत राहिला; मृत सोबतिणीला नाकाने ढोसून उठवू पाहत होता, तिच्याशेजारी झोपत होता, कायोटींना हुसकावीत होता. हे निरीक्षण पुढे शोधनियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यास शोक म्हणावे काय, याचा निवाडा शास्त्रज्ञांनी करावा. आम्हांस मात्र ते मागे राहिलेले पिल्लू आठवले.

आता हिवाळ्यात आम्ही ओढ्याच्या काठावर, वाट मोकळी सोडून, दूर बसतो. दर्प आला की बोलणे थांबवतो. त्या पिल्लाला कळप पुन्हा गवसला की नाही, हे आम्हांस कधीच कळणार नाही.