बंद पडलं नाही, उठलंच नाही!

कॉम्प्युटर अडला की आपल्याकडे एकच औषध. 'रिस्टार्ट करून बघ ना!' बॉस सांगतो, शेजारच्या टेबलावरचा सांगतो, आणि आयटीवाला तर तुमचं वाक्य संपायच्या आत सांगतो. बहुतेक वेळा गुण येतोही. पण दुखणंच रिस्टार्टनंतर सुरू झालं असेल तर?

मला हा प्रश्न पडला सांगलीत, मामांच्या छापखान्यात. लेख नसतात तेव्हा मी पुस्तकांचं संपादन करते. नदीकाठच्या एका गुरुजींनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता आणि त्याची दुसरी आवृत्ती गावच्या जत्रेआधी काढायची होती. गुरुजी आता नाहीत. त्यांची हस्तलिखित वही आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती २०१९ च्या पुरात गेल्या. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली होती. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट! मामांनी सीपीयू उचलून माळ्यावर नेला, म्हणून पुस्तकाची पेजमेकर फाईल तेवढी वाचली. थोडक्यात, एका गावाचा इतिहास एका फाईलवर आला होता.

आता पेजमेकर म्हणजे आपल्या पिढीला म्युझियममधली वस्तू. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ सालची. त्यातलं मराठीही जुन्या फॉन्टमधलं. म्हणजे पडद्यावर 'गाव' दिसतं, पण आत साठवलेली असतात भलत्याच अक्षरांची कोडं. तो फॉन्ट नसला की सगळी खिचडी! ही जुनी मंडळी विंडोज एक्सपीवर सुखाने नांदतात, आणि एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला. म्हणून पुरानंतर घेतलेल्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर मामांनी व्हर्च्युअल मशीन बसवून घेतलं. विंडोज १० च्या पोटात, एका चौकटीत, अख्खा एक्सपी. मोठ्या वाड्यात भाडेकरू ठेवावा तसा. ही कल्पना तशी जुनीच. आयबीएमने मोठ्या कॉम्प्युटरसाठी व्हीएम/३७० आणलं ते १९७२ मध्ये. व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ मध्ये आलं, व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये, आणि साध्या पीसीवरही भाडेकरू राहायला लागले.

जत्रा पंधरा दिवसांवर असताना एका दुपारी लाईट गेली. यूपीएसने दोन मिनिटांत मान टाकली. लाईट आली, विंडोज आलं, पण एक्सपी काही उघडेना. 'सर्व्हिस चालू नाही' एवढाच निरोप. "काल तर चालू होतं की!" मामा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. पुरातून वाचलेलं पुस्तक घरच्या घरी अडकलं होतं.

माझा मावसभाऊ सिस्टिम ॲडमिन आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून साताऱ्याला घरी आला आणि तिथूनच कंपनीचे सर्व्हर सांभाळायला लागला. सातारा-सांगली अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कराड, पेठ नाका करत येण्यापेक्षा फोन बरा!

"विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाब. सर्व्हिसेस डॉट एमएससी टाईप कर," दादा म्हणाला. भली मोठी यादी उघडली. त्यात व्हर्च्युअल मशीनच्या सर्व्हिसपुढे 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं, पण 'रनिंग' नाही. राइट क्लिक, स्टार्ट. एक्सपी उघडला! मामांनी चहा सांगितला.

"चहा थांबव," दादा म्हणाला. "आता रिस्टार्ट कर."

"अरे, आत्ता कुठे चालू झालंय!"

"म्हणूनच. आत्ता चालू आहे आणि उद्या आपोआप चालू होईल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं."

केलं रिस्टार्ट. आणि काय, सर्व्हिस पुन्हा झोपलेली. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावला. विंडोजची हजेरीवहीच ती. 'सिस्टिम' लॉगमध्ये ७००९ नंबरची लाल नोंद सापडली. ३०,००० मिलिसेकंद वाट पाहिली, सर्व्हिसने ओ दिली नाही. म्हणजे तीस सेकंदांत हजर नाही, तर गैरहजर! आपल्या ऑफिसचं पंचिंग मशीन बरं. दोष त्या सॉफ्टवेअरचा नव्हता. हार्ड डिस्क जुनी, आणि चालू होताना सगळ्यांचीच तिच्यावर झुंबड. अँटिव्हायरस, प्रिंटर, अपडेट... भाडेकरूची सर्व्हिस रांगेत मागे पडायची.

मग रोज सकाळी कसं चालायचं? दादाचं उत्तर ऐकून मी उडालेच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती सुरू असेल तर 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हेच. विंडोजचा गाभा, ड्रायव्हर, सर्व्हिस, सगळं डिस्कवर जसंच्या तसं साठवलं जातं आणि सकाळी तेच परत उचललं जातं. खरी नवी सुरुवात होते ती फक्त रिस्टार्टला, किंवा लाईट अचानक गेल्यावर. म्हणजे मामांची सर्व्हिस रोज उठत नव्हतीच. कालचीच पुढे ढकलली जात होती.

उपाय दोन मिनिटांचा. प्रॉपर्टीजमध्ये 'ऑटोमॅटिक'च्या जागी 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट'. गर्दी ओसरल्यावर, साधारण दोन मिनिटांनी, सर्व्हिस निवांत उठते. त्यानंतर दादाने लागोपाठ तीनदा रिस्टार्ट करायला लावलं. तिन्ही वेळा एक्सपी उघडला, तेव्हा कुठे चहाला परवानगी मिळाली.

तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. लिनक्सवर कर्नल अपडेट झाला की व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल त्या कर्नलसाठी नव्याने बांधावे लागतात. सिक्युअर बूट असेल तर त्यांच्यावर मान्य केलेली सहीही लागते. बायोस रिसेट झालं तर प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद झालेली असू शकते. औषधं वेगवेगळी, पण नाडी पाहायची पद्धत एकच. आधी सर्व्हिसची यादी, मग लॉग, मग एका वेळी एकच बदल, आणि शेवटी पुन्हा रिस्टार्ट. थेट अनइन्स्टॉलवर उडी मारायची नाही राव!

आम्ही त्याच संध्याकाळी फाईल बाहेर काढली, दोन ठिकाणी कॉपी ठेवली आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलला. रफार आणि जोडाक्षरांनी घोळ घातलाच. ते निस्तरत सगळे फर्मे पुन्हा वाचले. पुस्तक जत्रेला पोचलं. आता ते उघडायला ना एक्सपी लागतो, ना मामा.

आपण सगळेच 'चालू आहे ना, मग हात लावू नको' पंथाचे. ऑफिसात कुणीतरी चार वर्षांपूर्वी जोडून दिलेलं काहीतरी चालू असतं, जोडणारा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि ते पुन्हा उठेल का हे कुणालाच माहीत नसतं. तेव्हा काम हलकं असेल अशी एक दुपार निवडा. सगळं सेव्ह करा, कॉपी घ्या, लॅपटॉप मुद्दाम रिस्टार्ट करा आणि काय काय उठत नाही ते लिहून ठेवा. एक दिवस लाईट ही परीक्षा घेणारच आहे. आपण तिच्या आधी घेतलेली बरी.