वादळानंतरचं जळतन

वैशाखातल्या दुपारी रेणापूर भागात आभाळ एकदम काळवंडतं, फुफाट्याचा लोट उठतो आणि अर्ध्या तासाच्या वाऱ्यात कुठली तरी बाभळ मुळासकट आडवी होते. अंबाजोगाईहून लातूरकडे निघालेला प्रवासी रस्ता अडला म्हणून चरफडत बसतो. तेवढ्यात जवळच्या वस्तीवरून एखादी जुनी पिकअप निघालेलीही असते. हौद्यात दोन कुऱ्हाडी, दोघांनी ओढायची करवत, पाचर आणि नाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी लालसर भुसा उरतो, आणि शेंगा टिपणाऱ्या शेळ्या.

लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. जिल्ह्याच्या भूभागाच्या एक टक्काही ते भरत नाही. त्यामुळे इथल्या माणसाचं सरपण रानात जाऊन मोळी बांधण्यातून कधी फारसं आलंच नाही. तुरीच्या तुराट्या, ज्वारीची धसकटं, गवऱ्या, आणि वाऱ्यानं पाडलेली बांधावरची झाडं, यांवरच इथल्या चुली पेटत आल्या. खातेदाराच्या जमिनीतलं झाड खातेदाराचं, असं 1966 ची जमीन महसूल संहिता सांगते. रस्त्याकडेचं झाड मात्र सरकारी. त्याचा पंचनामा आणि लिलाव व्हायचा असतो. आंबा, चिंच, जांभूळ तोडायचे तर 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. वारा परवानगी मागत नाही. म्हणून बांधावरची चिंच पडली की शहाणा शेतकरी आधी तलाठ्याच्या कानावर घालतो आणि मगच कुऱ्हाड लावतो. हा रिवाज चांगला आहे. पाडलेलं झाडही ‘पडलंच होतं’ म्हणून खपवणारे सगळीकडे असतात.

या कामाला नवी गाडी कोणी काढत नाही. टाटांचा ‘छोटा हत्ती’ 2005 साली रस्त्यावर आला, दोन सिलिंडरांचा, पाऊण टनाच्या मापाचा. त्याच्या आधीपासूनच्या पिकअपही अजून गावोगाव धावतात, फाळक्याला साखळीऐवजी तार बांधून. ओल्या बाभळीचा एक घनमीटर टनाच्या आसपास भरतो, म्हणून हौदा अर्धा रिकामा दिसला तरी पाटे बसलेले असतात. जाणता चालक लांब फांद्या कडेनं उभ्या लावतो, बुंध्याचे ओंडके मागच्या आसाच्या थोडे पुढे घेतो आणि फटींत ढलप्या कोंबतो. सगळं वजन मागं गेलं तर चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. साल सुटलेला ओंडका उचलण्याआधी तो पायानं उलटवून बघतात, कारण सालीखाली इंगळी बसलेली असते.

पूर्वी असं झाड पडलं की सगळ्यांत आधी सुतार यायचा. बाभळीच्या बुंध्यात बाहेर फिकट आणि आत तांबूस-काळपट गाभा असतो. तो गाभा इतका चिवट की चाकाचे आरे, जू, वखर, तिफण सगळं त्यातूनच घडायचं. फांदी जिथं निसर्गतःच वाकलेली असेल, तो तुकडा सुतार बाजूला काढायचा. नांगराला तोच लागायचा. उरलेलं चुलीला. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि वाकडा तुकडाही सरळ हौद्यात जातो.

लाकडाची हीच उतरण घरांतही झाली. मराठवाड्यातलं जुनं घर माळवदाचं. तळखड्यावर लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या किंवा किलचा आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. ‘पाच खणाचं घर’ म्हटलं की घराची ऐपत कळायची. पाणी मुरू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती पसरायची. वर्षानुवर्षं थर वाढत जायचा, ओझंही वाढायचं, आणि सगळ्यांना ते घराचं बळ वाटायचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारीजवळ जमीन हादरली. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. ढिगारे उपसताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: कित्येक घरांत लाकडी खणांचा सांगाडा तसाच उभा होता. भिंती पडल्या, लाकूड उभं राहिलं. तरीही लोकांच्या मनातून माळवदच उतरलं, आणि ज्यांनी त्या रात्री आपली माणसं गमावली त्यांना दोष कसा द्यायचा? पुढं लातूर-धाराशिव भागात स्लॅबची घरं झाली. मोडलेल्या माळवदांच्या तुळया आधी वखारीत गेल्या, चांगल्या निघाल्या त्यांची दारं-चौकटी झाली, वाळवीनं पोखरलेल्या सरपणात. अशी जुनी सागवानी तुळई चुलीत जळताना पाहवत नाही. एका खांबावरची कोरीव कमळंसुद्धा कुठल्या वस्तुसंग्रहालयात पोचली नाहीत तर मराठवाड्याच्या सुतारकामाची ओळख पुढच्या पिढीला कशी होणार?

चुलीची मात्र स्वतःची पारख असते. बाभळीचा निखारा दाट आणि टिकाऊ, तव्यावरून काढलेली भाकरी त्याच्या कडेला टेकवली की टम्म फुगते. चिंचेचा जाळ कडक. लिंबाचा धूर डोळ्यांना झोंबतो. वड-पिंपळाला बाया हात लावत नाहीत. रस्त्याकडेचा वड पडला तर त्याचा बुंधा कित्येक महिने तसाच पडून राहतो.

2016 च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि घरोघरी सिलिंडर पोचला. त्याच उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. अशा दुष्काळी वर्षांत बांधावरची झाडं उभ्यानं वाळतात आणि पिकअपच्या खेपा वाढतात. 14.2 किलोच्या सिलिंडरचं काम साध्या चुलीत करायचं तर दीडशे-दोनशे किलो सुकं लाकूड लागतं, कारण जाळातली बहुतेक ऊब भांड्याबाहेरच निसटते. तो धूर कोणाच्या छातीत जातो, हे भाकरी थापणाऱ्या बाईला विचारावं. गॅस आला ते फार बरं झालं. भरून आणायला पैसे नसले की मात्र तो कोपऱ्यात उभा राहतो आणि अंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, लग्नातला भात पुन्हा लाकडावर येतो.

गॅसची सगळ्यांत जास्त गरज असते ती गाळप हंगामात. निवाड्याच्या रेणा साखर कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या टोळ्या फडाजवळ कोप्या घालतात. तीन दगडांची चूल, आणि दिवस उजाडायच्या आत दोन वेळच्या भाकरी थापून बाई कोयता घेऊन फडात. तिला सरपण शोधायला वेळ कुठला? पाचटाचा जाळ भसकन् पेटतो आणि भाकरी भाजायच्या आत विझतो, म्हणून ती वाटेवरची वाळकी बाभळीची काटकी काट्यांसकट उचलत येते. पाच किलोचे छोटे सिलिंडर बाजारात मिळतात. ते प्रत्येक टोळीला कारखान्याच्या दारातच, उचलीच्या हिशेबात न धरता, भरून मिळायला हवेत.