आगीशी सोयरीक

परवा भाचीचा फोन आला. सध्या ती एक जाडजूड अद्भुत कादंबरी वाचतेय. त्यात म्हणे जंगलातली माणसं वणव्याच्या देवीची थट्टामस्करी करतात, तिला चिडवतात, तिच्याशी लपंडाव खेळतात. "मावशी, तुझ्या चंद्रपूर-गडचिरोलीत आहे का गं अशी देवी?"

म्हटलं, देवी राहू दे, तुला एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगते. गोंडांच्या लिंगोची. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी ही गाथा परधानांकडून ऐकून लिहून घेतली होती. (परधान म्हणजे गोंडांचे गाणारे.) हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. लिंगोच्या कथा गावागणिक बदलतात, मी सांगतेय ती या कागदांतली.

तर चार गोंड भाऊ शिकार करून आणतात, पण ती भाजायला आग नाही. आग आहे रिकाड गवाडी नावाच्या राक्षसाच्या शेतात. म्हातारा शेकोटीजवळ घोरत पडलेला. धाकटा भाऊ दबकत जातो, जळतं लाकूड उचलतो, आणि नेमकी ठिणगी उडते ती म्हाताऱ्याच्या कमरेवर! म्हातारा खवळून उठतो, धाकटा लाकूड टाकून पळत सुटतो.

मग लिंगो स्वतः निघतो. तो चोरी करत नाही. भोपळा घेतो, त्याला बांबू जोडतो, स्वतःच्या केसांच्या तारा लावतो आणि झाडावर चढून वाजवायला लागतो. म्हातारा जागा होतो, इकडेतिकडे बघतो आणि चक्क नाचायला लागतो. त्याला शोधत म्हातारी येते, तीही नाचते :) पुढे ओळखपाळख होते आणि म्हाताऱ्याच्या सात मुली गोंडांच्या घरी सुना होऊन येतात. तिघा थोरल्यांना दोन-दोन आणि धाकट्याला एक. आगीचा मालक झाला सासरा!

ग्रीकांच्या गोष्टीत प्रोमिथियस आग चोरतो आणि जन्माची शिक्षा भोगतो. आमच्याकडे चोरी फसते आणि नाचगाणं जमतं. मला हे फार आवडतं. सोयऱ्याची थट्टा चालते, पण त्याला गृहीत धरून चालत नाही, हे आपल्याकडे कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

माझं आजोळ सिंदेवाहीकडचं. उन्हाळ्यात रात्री अंगणात बाजेवर पडलं की लांबच्या डोंगरावर आगीची वाकडीतिकडी माळ दिसायची. आजी म्हणायची, डोंगराचं लगीन लागलंय. आम्हा पोरांना ती मजा वाटे. मजा नव्हती हे मोठेपणी कळलं. आमच्याकडचा वणवा सिनेमातल्यासारखा शेंड्याशेंड्यांवरून धावत नाही. तो जमिनीवरचा पाला खात सरपटत जातो. मोठा साग बहुधा उभा राहतो, पण खालची रोपं, पाखरांची अंडी, कासवं, सगळं संपतं.

आणि लावतं कोण? बहुतेक वेळा माणूसच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात. ती वेचायची तर झाडाखाली पाला नको. आजोळच्या शेजारच्या काकूंना मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "पाला जारलाच नाही त फुलं दिसतीन कसी, बाई?" खरंच आहे. त्या फुलांवर घरातलं तेलमीठ चालतं. पण तीच आग विझवायची राहिली की वाऱ्यावर निघते. दुसरं कारण तेंदूपत्ता. जळलेल्या झुडपाला कोवळी, मोठी पानं फुटतात, म्हणून हंगामाआधी आगी लागतात (लावल्या जातात म्हणा).

हल्ली उपग्रहाला आग दिसली की वनखात्याच्या लोकांना मोबाईलवर संदेश येतो. मग दोन-चार माणसं जाळरेषेकडे धावतात. खात्याच्या वहीत गावकरी म्हणजे आग लावणारा. गावच्या तोंडी फॉरेस्टवाले म्हणजे दंड करणारे. या सगळ्यात नाचायला कोण उरलं?

पाचगाव उरलं, असं मी म्हणेन. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला हजार हेक्टरहून जास्त जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. हातात जंगल आल्यावर पहिली कमाई तेंदूपत्त्याचीच करता आली असती, तीही रोख. ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, आणि टेंभरं मग खायची कुणी? माणसांनाही ती आवडतात आणि पाखरांनाही. पैसा बांबूतून उभा केला. बांबू तोडायचा कसा, जंगल राखायला पाळीने कोण जाणार, हे सगळं बसून, बोलून ठरवलं. वनखात्याने नेमून दिलं म्हणून नाही.

मोहाखालचा पाला मात्र अजून कितीतरी गावांत जळतो. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात, फुलं अलगद तिच्यात पडतात आणि काडी ओढावी लागत नाही. पण जाळीला पैसे पडतात, आणि काडीची पेटी अजूनही स्वस्तच आहे.