मोत्याचें भुंकणें

एकलव्यानें भुंकणाऱ्या कुत्र्याचें तोंड सात बाणांनीं बंद केलें, ही आदिपर्वांतील कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. ती ऐकतांना आमचें सारें लक्ष त्या धनुर्विद्येकडे असे; त्या कुत्र्यामुळें एकलव्याला झालेल्या उपद्रवाकडे तें कधींच गेलें नाहीं. गेल्या आषाढांत मात्र, रात्रीं अडीच वाजतां अंथरुणावर उठून बसलों असतां, आम्हांस ती कथा निराळ्याच अंगानें आठवली, आणि त्या निषादपुत्राविषयीं आमच्या मनांत जो आदर होता त्यांत सहानुभूतीची भर पडली.

आमच्या उपद्रवाचें कारण दोन ओंजळींत मावेल एवढें होतें. सदाशिव पेठेंतील आमच्या इमारतीच्या जिन्याखालीं, पावसानें भिजलेलें, सुमारें दोन महिन्यांचें एक गांवठी पिल्लूं आमच्या नातवास सांपडलें. आणि आम्ही बाहेरून घरीं येण्यापूर्वींच त्याचें ‘मोत्या’ असें बारसेंहि उरकून गेलें होतें. आमच्या इमारतीच्या जागीं पूर्वीं वाडा होता. वाड्यांत कुत्रें भुंकलें तर तें सर्वांचें असे. इमारतींत तें ज्याचें त्याचें असतें. पहिले चार दिवस मोत्या निमूट होता. पांचव्या दिवशीं त्याला कंठ फुटला. दाराची घंटा वाजली कीं भुंकणें, ताटें मांडलीं कीं भुंकणें, आणि रात्रीं दिवे मालवून त्याला मागल्या सज्ज्यांत ठेवलें म्हणजे तर विचारूंच नये.

घरच्यांनीं हें सोसलें असतें. पण आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांचा आमचा शेजार वाड्याच्या दिवसांपासूनचा. वहिनींचें मांडीचें हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याच आठवड्यांत त्यांना घरीं आणलें होतें. दिवसभर दुखणें, रात्रीं झोंप नाहीं, आणि जरा कोठें डोळा लागावा तों खालून आमचा मोत्या! मास्तर एका शब्दानें बोलले नाहींत. जिन्यांत भेटले म्हणजे ते पूर्वींसारखेच हंसत. मात्र हंसून झाल्यावर चार गोष्टी बोलण्यासाठीं जे थांबत, ते थांबेनासे झाले. भांडायला येणारा शेजारी परवडतो. त्याला निदान उत्तर तरी देतां येतें. आमच्या घरांतून एके दिवशीं सूचना आली, “पिल्लूं कुणाला तरी देऊन टाकूं या. इतक्या वर्षांचा शेजार आहे.” त्या रात्रीं नातू जेवला नाहीं.

उपाय सांगणारांची उणीव नव्हती. एकानें वर्तमानपत्राची सुरळी करून नाकावर मारण्यास सांगितलें, दुसऱ्यानें तोंडावर पाण्याचा फवारा मारण्यास. एका स्नेह्यानें तर, कुत्रें भुंकतांच त्याच्या गळ्यास विजेचा झटका देणारा पट्टा आणून देण्याची तयारी दाखविली. असला पट्टा वेल्समध्यें २०१० सालापासून कायद्यानें बंद आहे, हें आम्हांस मागाहून कळलें. पण तें ठाऊक नसतांहि आम्हीं त्या स्नेह्यांना हात जोडले. कारण नसतां कुत्र्याला मारणाऱ्या जनमेजयाच्या भावांमुळें त्या राजास सरमेचा शाप मिळाला, हें वाचलेल्या माणसानें सुरळी हातांत घेण्यापूर्वीं थोडा विचार करावा. शिवाय, माराच्या भीतीनें गप्प बसावयास शिकलेलें कुत्रें पुढें इशारा न देतां एकदम चावूं शकतें, असें जाणते लोक सांगतात.

मग आम्ही, आमच्या स्वभावास अनुसरून, पुस्तकांकडे वळलों. मांजरांना पेटाऱ्यांत कोंडून त्यांच्या सुटकेच्या खटपटी टिपणाऱ्या थॉर्नडाइकनें १८९८ सालीं दाखवून दिलें कीं, ज्या कृतीपासून प्राण्याला सुख मिळतें ती कृति तो पुनः पुनः करतो. एवढें वाचतांच आमचे डोळे उघडले. दारीं कुरिअरवाला येई, मोत्या भुंके, कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जाई. तो आपल्या कामासाठीं जात होता हें मोत्याला कसें कळावें? त्याच्या दृष्टीनें रोज शत्रूचा पराभव होत होता. आणि दिवसांतून तीन वेळां विजय मिळविणाऱ्या सेनापतीनें युद्ध कां थांबवावें? ताटाजवळ तो भुंके तेव्हां कोणी तरी “घे रे बाबा एकदांचें” म्हणून पोळीचा तुकडा टाकी. म्हणजे भुंकण्याबद्दल आम्ही त्याला रोख वेतन देत होतों. यावर कळस म्हणजे, तो भुंकूं लागला कीं सूनबाई स्वयंपाकघरांतून, नातू माडीवरच्या गच्चींतून आणि आम्ही आरामखुर्चींतून, सर्व मिळून “गप रे!” म्हणून ओरडत असूं. सारें घर आपल्या साथीला भुंकत आहे, याहून निराळा अर्थ त्यानें काय काढावा!

त्याच विद्येंतील आणखी एक नियम आम्हांस सांपडला. मिळणारें बक्षीस बंद केलें म्हणजे ती संवय लगेच सुटत नाहीं. प्रथम ती उसळी मारून वाढते आणि मग ओसरते. उसळीच्या वेळीं जो घरधनी कच खातो, तो त्या प्राण्यास अधिक चिवट भुंकण्याचा धडा देतो. नियम आम्हांस पटला. पण त्याचा जाच वरच्या मजल्यानें सोसावयाचा होता. तेव्हां आम्ही वर गेलों आणि मास्तरांना सांगितलें, “चार रात्री सोसा. आधीं वाढेल, मग थांबेल.” मास्तरांनीं आंतल्या खोलीकडे पाहिलें आणि विचारलें, “चारच ना?”

पहिल्या रात्रीं मोत्या दीड तास ओरडला, दुसऱ्या रात्रीं दोन. तिसऱ्या रात्रीं तीन वाजतां घरांतून दुधाची वाटी सज्ज्याकडे निघाली तेव्हां आम्ही द्वारपालासारखे आडवे उभे राहिलों आणि उसळीचा सिद्धान्त पुनः एकदां समजावून दिला. तो ऐकून घेण्याच्या मनःस्थितींत कोणी नव्हतें. चौथ्या रात्रीं अडीच वाजतां दाराची घंटा वाजली. मास्तर उभे होते. खांद्यावर पंचा, डोळे तांबारलेले. आतां इतक्या वर्षांचा स्नेह संपला असें समजून आम्ही कांहीं बोलणार, तों तेच म्हणाले :

“तुमचें पुस्तक खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. पण चार रात्री मी ऐकतों आहें, म्हणून सांगायला आलों. हा भुंकत नाहींये. कुरिअरवाल्यावर भुंकतो तो आवाज जाड असतो, तोडून तोडून येतो. पोळीसाठीं भुंकतो तो वेगळा. हा बारीक आहे, लांबवलेला आहे, आणि मध्येंच थांबून कोणी येतंय का तें तो ऐकतो. हांका मारतोय तो. आमच्याकडेहि रात्रीं हेंच चाललें होतें. मीं माझी खाट हिच्या खाटेला लावून घेतली, तेव्हांपासून ती दोनदांच उठते.”

आम्हीं मोत्याची टोपली सज्ज्यांतून उचलून आमच्या पलंगाशीं आणली आणि एक हात खालीं सोडून ठेवला. मास्तर जिना चढून आपल्या दाराशीं पोंचण्यापूर्वीं तो झोंपला होता. आम्हांस मात्र पहाटेपर्यंत झोंप आली नाहीं. आईच्या आणि भावंडांच्या उबेंतून तुटलेलें दोन महिन्यांचें पोर थंड फरशीवर ठेवावें, त्याचें रडणें हा हट्ट समजावा, आणि एका दुखणेकऱ्याची झोंप त्यापायीं गहाण टाकावी, हें सारें आम्हीं शास्त्राच्या नांवानें केलें होतें. नियमांत चूक नव्हती. कोणत्या आवाजाला तो लावावयाचा, हें आम्हीं ऐकूनच घेतलें नव्हतें.

मास्तरांचा कान ही कांहीं एकट्याची सिद्धि नव्हे. बुडापेस्ट येथील अभ्यासकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत, मुडी जातीच्या हंगेरियन कुत्र्यांचे निरनिराळ्या प्रसंगींचे आवाज माणसांना ऐकविले. कुत्रें कधींच न पाळलेल्या श्रोत्यांनाहि कोणता आवाज कोणत्या प्रसंगाचा हें निव्वळ अंदाजानें साधेल त्याहून पुष्कळ अधिक वेळां ओळखतां आलें. लांडगा मोठा झाल्यावर फारसा भुंकत नाहीं. कुत्रा मात्र जन्मभर भुंकतो, आणि त्याच्या भुंकण्यांतील हे प्रकार माणसाच्या सहवासांत वाढले असावेत, असें त्या अभ्यासकांचें मत आहे. तें खरें असेल, तर तो आवाज आमच्यासाठींच असतांना आम्हीं चार रात्री कानांवर उशी घेतली होती.

बाकीची शिकवणी त्यामानानें सोपी गेली. घंटा वाजली कीं मोत्यानें दोनदां भुंकावें, हा त्याचा हक्क आम्हीं मान्य केला. त्यानंतर सूनबाईनें हळू आवाजांत “बस्स” म्हणावें, आणि तो श्वास घेण्यापुरता थांबला कीं तेवढ्यांत पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यावा. प्रथम दोन क्षणांच्या शांततेस तुकडा, मग पांच, मग दहा. कुरिअरवालाहि भला माणूस. आठवडाभर त्यानें स्वतःच्या हातानें तुकडे दिले, आणि शत्रुत्व मिटलें. ताटाजवळच्या भुंकण्याला मात्र तो उसळीचा नियम तंतोतंत लागू पडला. तिसऱ्या दिवशीं त्यानें आकांत मांडला, कोणी वळूनहि पाहिलें नाहीं, आणि त्यानंतर तो प्रकार दोन दिवसांत संपावयास हवा होता. तो दहा दिवस लांबला, कारण घरांतील एक व्यक्ति ताटाखालून गुपचुप पोळी पुरवीत होती. नातवानें तिला रंगे हात पकडलें. तो अपराधी आम्हीच.

वहिनी आतां काठी घेऊन गॅलरीपर्यंत येतात. संध्याकाळीं नातू मोत्याला वर घेऊन जातो, आणि मास्तर त्याला पायांशीं बसवून वर्तमानपत्र वाचतात. जिन्यांत भेटले म्हणजे ते पुनः थांबूं लागले आहेत. परवां त्यांनीं विचारलें कीं कुकरच्या शिटीचें कांहीं जमलें कां? तें अद्याप जमलेलें नाहीं. तीन शिट्या झाल्या तर तो तीनदां उत्तर देतो, आणि डाळ शिजली कीं नाहीं हें हल्लीं सूनबाई त्याच्यावरूनच मोजतात.