बर्लिनला जाण्याआधी

येत्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघे, इन्शाअल्लाह, बर्लिनला जाणार आहोत. तिकडच्या हिशेबाने तो उन्हाळ्याचा शेवट. आमच्या चिपळूणकडे तेव्हा पाऊस चालू असतो आणि शेतात भात उभे असते. मुलगा तिथे पाच वर्षे नोकरीला आहे. नातेवाईक म्हणतात, "चला, म्हातारपणी युरोप बघून या." आम्ही हसून हो म्हणतो. पण फक्त बघायला जायचे असते, तर गेली पाच वर्षे आम्ही घरात बसलो नसतो.

गेल्या हिवाळ्यात मुलाचा फोन आला. म्हणाला, "अब्बा, इथे पाच वर्षे पूर्ण होतायत. नागरिकत्वासाठी अर्ज करता येईल. तुमची आणि अम्मीची इजाजत असेल तरच करीन." जर्मनीने २०२४ मध्ये कायदा बदलला. पूर्वी आठ वर्षे थांबावे लागे, आता पाच पुरतात. शिवाय जुने नागरिकत्व सोडा, असा आग्रह जर्मनी आता धरत नाही. आपला देश मात्र दोन नागरिकत्वे मानत नाही. जर्मन पासपोर्ट हातात आला की भारताचा पासपोर्ट परत द्यायचा. मग ओसीआय कार्ड मिळते, त्यावर आयुष्यभर येता-जाता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

आमच्या घरात दादी आहेत, म्हणजे मुलाची आजी. वय चौऱ्याऐंशी. एकाही निवडणुकीत त्यांनी मत द्यायचे चुकवलेले नाही. आम्हाला वाटले, त्या मताबद्दल बोलतील. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "नोकरीचे कळले, घराचेही कळले. तिथे कुणाची मय्यत झाली, तर माती कुठे देतात?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. खरे म्हणजे हा प्रश्न आमच्या गावांना कधी पडलाच नाही. कोकणातल्या मुस्लिम घरांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेली. आधी जहाजांवर खलाशी म्हणून, मग कुवेत, सौदी, दुबईला. पण आखाती देश कामगाराला राहू देतात, आपले म्हणत नाहीत. वीस-तीस वर्षे नोकरी केली तरी शेवटी बोचके बांधून गावाला यायचे, हे ठरलेले. गावातली रंगीत घरे त्या परत येण्याच्या भरवशावरच बांधली गेली. बर्लिनचे तसे नाही. तो देश 'राहा' म्हणतो. परत येणे ही तिथे सक्ती उरत नाही, ती मर्जीची गोष्ट होते. आणि मर्जीची गोष्ट जास्त अवघड असते, हे आम्हाला आता कळते आहे.

म्हणून आम्ही मुलाला सांगितले, "थांब. आधी आम्ही येऊन तुझे शहर बघतो. मग मशवरा करू." तेव्हापासून आमची तयारी चालू आहे. त्यात जे जे कळले, ते परदेशी मुले असलेल्या इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहितो.

पहिला प्रश्न होता, कधी जायचे? मुलगा जून म्हणत होता. तेव्हा दिवस मोठा, हवा छान. पण आम्ही नमाजच्या वेळा मागवल्या आणि बेत बदलला. बर्लिन आपल्यापेक्षा खूप उत्तरेला आहे. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री साडेनऊला मावळतो आणि पावणेपाचच्या आत उगवतो. मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आकाश रात्रभर पुरते काळे होतच नाही. संध्याकाळचा उजेड विझायच्या आत पहाटेचा सुरू होतो. मग इशा कधी आणि फजर कधी, यासाठी तिथल्या मशिदींना वेगळा हिशेब करावा लागतो. ऑगस्टच्या अखेरीस हा पेच सुटलेला असतो. मगरीब आठच्या सुमारास, इशा दहाच्या आसपास, फजरची वेळ पहाटे चारच्या सुमारास सुरू. आमच्या वयाला एवढे झेपते. हवाही वीस-बावीस अंशांची, म्हणजे गुडघ्यांना बरी.

किब्ल्याचेही तसेच. आयुष्यभर आम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो. बर्लिनहून मक्का आग्नेयेला येते. मुलाने पहिल्याच आठवड्यात खोलीच्या भिंतीवर छोटी खूण करून ठेवली होती, हे आम्हाला आता कळले. आम्ही शाफई. एका जागी चार दिवसांहून जास्त मुक्काम ठरलेला असेल, तर आपल्याला कस्र नाही. आमचा मुक्काम चार आठवड्यांचा, म्हणून तिथे पूर्ण नमाज. वाटेत मात्र, दोहाला विमान बदलताना, कस्र आणि जमाची सवलत घेता येईल.

कागदपत्रांचे काम सावकाश पण वेळेत करावे. शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नये, कागद अपुरे वाटले तर पंचेचाळीस दिवसही लागतात. फी मोठ्या माणसाला ९० युरो. निदान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा हवा. मुलाने तिथल्या कचेरीत जाऊन आमच्या खर्चाची हमी लिहून दिली, त्याला २९ युरो पडले. इकडून पेन्शनचे कागद, बँकेचा हिशेब, घराचा उतारा. हे सगळे कशासाठी, तर आम्ही परत येऊ याचा पुरावा म्हणून. दादी म्हणाल्या, "बापाने परत यायचे कागद जोडायचे आणि लेकाने न यायचे." त्या हसल्या, आम्हाला हसू आले नाही.

आता पेटीत काय न्यायचे? इथे आया-बहिणींनी नीट लक्ष द्यावे. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे खिम्याचे लोणचे नाही, पेढे नाहीत, घरचे तूपही नाही. मासळीला मात्र परवानगी आहे, माणशी वीस किलोपर्यंत, साफ केलेली हवी. त्यामुळे मुलाचे सुके बोंबील नक्की झाले. तीन पिशव्यांत घट्ट बांधायचे, नाहीतर विमानातले शेजारी नाराज होतील. त्याशिवाय तांदळाचे पीठ, मसाला, कोकम, आंबापोळी आणि एक छोटा तोटीचा तांब्या. तिकडच्या संडासात पाणी नसते, कागद असतो. या एका वस्तूबद्दल तिकडे जाऊन आलेल्या प्रत्येकाने आम्हाला बजावले आहे.

हलालची फार काळजी करू नये. बर्लिनमध्ये तुर्की लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या खाटकांच्या दुकानांवर 'हेलाल' लिहिलेले असते. जपायचे ते मोठ्या दुकानातल्या बिस्किटांना आणि गोळ्या-चॉकलेटांना. पाकिटावर 'श्वाइन' म्हणजे डुक्कर आणि 'श्माल्त्स' म्हणजे चरबी, हे दोन शब्द आम्ही वहीत जर्मन लिपीत उतरवून घेतलेत. 'गेलाटिन' दिसले तर चौकशी करायची. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच बाजार करायचा. क्रॉइत्सबेर्गला लागून कालव्याच्या काठी मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की बाजार भरतो. तिथे भाजी घासाघीस करून घेता येते, असे मुलगा सांगतो. आमच्यापैकी एकाला तर बर्लिनमधली तेवढी एकच जागा बघायची आहे.

ही तुर्की वस्ती आली कशी, ते वाचताना दादींच्या प्रश्नाचा धागा आमच्या हाती लागला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला. आलेल्यांना नाव मिळाले 'पाहुणे कामगार'. दोन-चार वर्षे कमवायचे आणि परतायचे, हा दोन्ही बाजूंचा समज. पण बायका-मुले आली, मुले शाळेत गेली, नातवंडे झाली. भिंत १९८९ मध्ये पडली, पाहुणे राहिले. तरीही पुष्कळ घरांनी मय्यत मायदेशी पाठवण्यासाठी वर्गणीचे फंड चालवले. म्हणजे जगायचे इथे आणि मातीला तिथे जायचे. दादींचा प्रश्न त्यांनाही पडला होता तर.

त्या शहरात मुसलमानांची कबर मात्र त्याहून फार जुनी आहे. १७९८ मध्ये उस्मानी सुलतानाचे वकील अली अझीझ एफेंदी बर्लिनमध्ये वारले. त्यांच्या दफनासाठी प्रशियाच्या राजाने जमीन दिली. पुढे १८६६ मध्ये ते कबरस्तान आजच्या जागी, कोलुंबियादाम नावाच्या रस्त्यावर आले. त्याच्याच आवारात आता शेहितलिक मशीद आहे, उस्मानी घाटाची, दोन मिनारांची. पहिला जुम्मा तिथे पढायचा, हे ठरले आहे. त्या जुन्या कबरस्तानात आता जागा उरलेली नाही. शहराच्या दुसऱ्या काही कबरस्तानांत मुसलमानांसाठी भाग राखलेले आहेत, गाटोला तसा एक आहे. पूर्वी तिकडे शवपेटी सक्तीची होती. बर्लिनने २०१० मध्ये धार्मिक कारणासाठी ती सक्ती उठवली, आता नुसत्या कफनात दफन करता येते. पण एक गोष्ट आमच्या मनाला लागली. तिथे कबरीची जागा कायमची नसते, साधारण वीस वर्षांच्या मुदतीची असते. हे दादींना सांगावे की नाही, यावर आम्ही दोघे दोन दिवस बोलत होतो. शेवटी सांगितले. त्या म्हणाल्या, "आपल्या कबरस्तानात तरी कुणाची कबर कुठली, हे कुठे ओळखू येते? जांभा दगड तेवढे आहेत. दुआ पोहोचली म्हणजे झाले."

बर्लिनच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर व्यून्सडोर्फ आहे. पहिल्या महायुद्धात तिथे मुसलमान आणि हिंदुस्थानी युद्धकैद्यांची छावणी होती. जर्मनांनी १९१५ मध्ये त्या कैद्यांसाठी लाकडी मशीद बांधली. नमाजसाठी जर्मन भूमीवर बांधलेली ती पहिली मशीद, पुढे काही वर्षांनी ती पाडली गेली. कैदेत जे वारले, त्यांतल्या दोनशेहून जास्त हिंदुस्थानी सैनिकांची स्मृती झेरेन्सडोर्फच्या दफनभूमीत जपलेली आहे. मुसलमान, हिंदू, शीख सगळेच. त्यांना 'राहता का, जाता का' असे कुणी विचारले नव्हते. एक दिवस काढून तिथे फातिहा पढून यायचे आहे.

वस्तुसंग्रहालयाचा बेत मात्र सोडावा लागला. उमय्या काळातल्या म्शत्ता महालाची कोरीव भिंत बर्लिनमध्ये आहे, सुलतान अब्दुल हमीद यांनी ती १९०३ मध्ये कैसरला भेट दिली. पण ती जिथे आहे ते पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी २०२३ च्या ऑक्टोबरपासून बंद आहे. जाणाऱ्यांनी हे आधी तपासून घ्यावे.

तयारीत आम्हाला सगळ्यात जास्त सोबत झाली ती तिकडे शिकून परत आलेल्या माणसांची. डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ मध्ये बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली. गालिबचा दीवान त्यांनी तिथल्याच छापखान्यात छापून घेतला. मग आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या मित्रांसह ते परतले, ते जामिया मिलियात तुटपुंज्या पगारावर शिकवायला. पुढे ते राष्ट्रपती झाले. ख्वाजा अब्दुल हमीद तिथेच रसायनशास्त्र शिकले आणि १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत सिप्ला काढली. ही नावे मुलाला ऐकवावीत, असे आमच्या मनात आले होते. पण याच गोष्टीत आणखी एक नाव आहे. गेर्डा फिलिप्सबोर्न. बर्लिनची ज्यू बाई. झाकिर हुसेन यांच्याशी तिथेच तिची ओळख झाली. ती जामियात आली, लहान मुलांची 'आपाजान' झाली, १९४३ मध्ये वारली आणि जामियाच्याच कबरस्तानात तिला माती मिळाली. झाकिर हुसेन बर्लिनहून आपल्या मातीकडे आले, गेर्डा बर्लिनची माती सोडून आली. दोघांचेही आयुष्य वाया गेले नाही. तेव्हा ही उदाहरणे लेकाला ओढून आणायची दोरी म्हणून वापरणे बरोबर नव्हे, असे आम्हाला वाटले.

मग आम्ही जाऊन बघणार काय? सकाळी तो कामाला निघतो तेव्हा शेजारी त्याला सलाम-नमस्कार करतात का, हे. त्याच्या आजारपणात दाराशी कोण येते, हे. मशिदीत त्याला नावाने ओळखणारे कुणी आहे का, आणि त्याचे नाव ऐकून कुणाचा चेहरा बदलतो का, हे. पासपोर्टचा रंग कोणताही असो, माणसाला या तीन गोष्टी लागतात. त्या तिथे असतील, तर आम्ही 'अर्ज कर' म्हणू, डोळ्यांत पाणी आले तरी म्हणू. नसतील, तर चिपळूणचे घर त्याचेच आहे आणि त्यासाठी कुठल्याही कचेरीत अर्ज करावा लागत नाही.

आमच्यामागे दादींजवळ राहायला त्यांची लेक दापोलीहून येणार आहे. व्हिसाची तारीख मिळाली आहे. बोंबील आखाड्यावर वाळवून डब्यात भरून झालेत. दादींनी त्यांच्या हातचे दोन रुमाल दिलेत, एक नातवाला आणि एक "त्याच्या दारात जी शेजारीण उभी राहील तिला". वाचकांनी दुआ करावी.