चित्रांचा सांधा

देवालयाच्या प्रांगणात मान वळवून जे सहज पाहता येते, ते कॅमेऱ्याच्या एका चौकटीत मावत नाही. दीपस्तंभ घ्यावा तर अग्रशाळा सुटते, अग्रशाळा घ्यावी तर शिखर कापले जाते. म्हणून कॅमेरा वळवीत पाचसात फोटो घ्यावयाचे व ते जोडून एक लांबट चित्र करावयाचे, ही युक्ती आता मोबाइलमध्येही आली आहे. ती नवी मात्र नव्हे. फेलिचे बेआतो ह्या छायाचित्रकाराने १८५८ साली दिल्लीच्या जामा मशिदीच्या मिनारावरून सभोवतालच्या शहराचे फोटो घेऊन ते शेजारी शेजारी मांडले होते. असल्या जुन्या चित्रांतील सांधे उघडे दिसतात. आम्हास ते उघडेपण आवडते. आजचा संगणक सांधा इतका बेमालूम लपवितो की, त्यात खोटे शिरले तरी कोणाच्या ध्यानी येऊ नये.

हे उगाच लिहीत नाही. फोंडा महालातील एका देवस्थानाने जीर्णोद्धारापूर्वी जुन्या अग्रशाळेचे असे चित्र करवून घेतले होते. पुढे अग्रशाळा पाडली गेली. नव्या बांधकामाच्या वेळी चित्र पुढे आले, तो त्यात कमानी आठ! वृद्ध महाजन नऊ असल्याचे परोपरीने सांगत. पण छापील चित्रापुढे म्हाताऱ्यांचे कोण ऐकतो? अखेर मूळचे सुटे फोटो मिळवून आम्ही मोजणी केली. कमानी नऊच होत्या. एक सबंध कमान सांध्याने गिळली होती, आणि भिंतीवर ओरखडाही नव्हता.

असे का व्हावे? संगणक दोन फोटोंतील सारख्या खुणा शोधून त्या एकमेकींवर बसवितो. कमानी तर एका साच्यातून काढल्यासारख्या. चौथी कोणती व पाचवी कोणती, हे त्याने कसे ओळखावे? पंक्तीत वाढपी पान चुकतो, तसाच तो चुकतो. ह्यावर उपाय साधा आहे. प्रत्येक खांबाच्या पायाशी आकड्याची चिठ्ठी ठेवावी. तेही नको असेल तर गिलाव्याचा उडालेला पोपडा, दिव्याचा आकडा, पावसाचा ओघळ अशा एकेकट्याच असणाऱ्या खुणा जोडणीच्या वेळी स्वतः दाखवून द्याव्यात. ह्युगिनसारख्या विनामूल्य प्रणालीत तशी सोय आहे.

दुसरा घोटाळा जवळच्या वस्तूंचा. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा मिटावा; बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी घेते. कॅमेरा फिरविताना त्याची जागा सरकली की, दीपस्तंभ मागच्या कमानींवर तसाच उडतो. असे दोन फोटो कोणत्याही चातुर्याने खरे जुळावयाचे नाहीत. कॅमेरा ज्या बिंदूभोवती फिरावयास हवा, तो बहुधा तिवईच्या स्क्रूवर नसून पुढे, भिंगाच्या पोटात असतो. जवळ एक काठी उभी करून ती दूरच्या खांबाच्या रेषेत धरावी आणि कॅमेरा डावीउजवीकडे वळवून पाहावा. दोन्ही एकमेकांपासून ढळली, तर कॅमेरा पट्टीवर मागेपुढे सरकवून पुन्हा पाहावे. ह्यास अर्धा तास मोडतो. पण तो अर्धा तास पुढची रात्र वाचवितो. झूम बदलला की बिंदूही बदलतो, म्हणून मध्येच त्यास हात लावू नये.

बाकी गोष्टी किरकोळ. दोन फोटोंत तिसरा हिस्सा सामाईक असावा. उजेडाचे माप व फोकस पहिल्या फोटोपासून अखेरपर्यंत एकच ठेवावे. माणसांची वर्दळ नसलेली वेळ पाहावी. प्रदक्षिणा घालणारा एखादा भाविक चित्रात दोन ठिकाणी उमटतो. त्याचे पुण्य दुप्पट होते की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही!

आणखी एक. कॅमेरा गोल फिरवून केलेल्या अशा चित्रात सरळ वळचण धनुष्यासारखी वाकलेली दिसते. ती सरळ करू जाता कडा ताणल्या जातात. तेव्हा हे चित्र सुताराच्या हाती मापासाठी देऊ नये. मापे टेपानेच घ्यावीत. कमानी, खांब, दीपस्तंभाचे मजले जागेवरच मोजून कागदावर मांडावेत आणि जोडलेले चित्र त्या कागदाशी ताडून पाहावे. देवस्थानच्या दप्तरात तो कागद, जोडचित्र आणि मूळचे सगळे सुटे फोटो एकाच पाकिटात ठेवावेत, व पाकिटावर तारीख घालावी.