बोली आपली, रीत त्यांची

२०१६ साली 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली. कोल्हापूरकडचा पैलवान राणादा 'चालतंय की' म्हणाला आन् आमची मंडळी हरखली. आपली बोली टीव्हीत आली! पण हळूहळू ध्यानात आलं, मालिका कुठलीही असो, बोली आपली आन् रीत त्यांचीच. वाईट बातमी आली की एकेकाचं तोंड तीनतीनदा जवळून दाखवायचं, वर ढगांचा गडगडाट, आन् ऐन वक्ताला भाग संपवायचा. म्हंजे उद्या बसायलाच पायजे.

थोरल्याचा पुण्याहून फोन आला तवा जाहिराती चालू होत्या. फोन स्पीकरवर होता. "आबा, मी आता गावाकडं येत नाही. रान वाट्यानं लावा."

हिनं टीव्हीचा आवाज तेवढा बारीक केला.

"जेवलास का?" म्हणाली.